बाबाच्या आठ मात्रा

१

प्रेमानंद दुपारी एकला गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत जायचा आणि आधी पंखा बंद करायचा. नांदुऱ्याचा एप्रिल, डोक्यावर तापलेलं टिन, आणि हा बुवा पंखा बंद करतो! पण पंख्याची घरघर माईकात शिरते, आणि घरघर म्हटली की त्याचं डोकं फिरायचं. तीस वर्षं त्यानं लग्नांना, सभांना, जयंतीला माईक आणि स्पीकरचे डबे लावले होते. त्याच्याही आधी तो गायन पार्टीत गायचा. आवाजाच्या बाबतीत त्याला कोणी शिकवायचं काम नव्हतं.

खोलीच्या चारही भिंतींवर गोधड्या टांगलेल्या होत्या. त्याच्या बायकोनं, चांगुणेनं, शिवलेल्या. मोठ्या स्टुडिओत भिंतींना फोम लावतात, तसं हे त्याचं घरगुती काम. गोधड्या असल्या की आवाज घुमत नाही. तिथं टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. त्याची एकुलती एक पोरगी मंजुश्री याच खोलीत गाणं रेकॉर्ड करायची. मागच्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ती गेली. तेवीस वर्षांची होती.

आता वर्ष होत आलं होतं. रविवारी सकाळी तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला तिच्या दोस्तांनी ऑनलाईन मैफल ठेवली होती. या पोरांनी कॉलेजात असताना रॉक संगीतिका बसवल्या होत्या. नांदुऱ्यात रॉक संगीतिका म्हटल्यावर लोक आधी हसले. मग गिटार कडाडली, ड्रम वाजले, आणि हसणारेच पुढच्या रांगेत रुमाल टाकून जागा धरायला लागले. अशा तीन संगीतिका झाल्या. पुढं पोरं पांगली. कोणी पुण्याला, कोणी नागपूरला, एक तर पार दुबईला. सगळ्यांना एका स्टेजवर आणणं आता जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मैफल ऑनलाईन.

या कामाची एक रीत असते. आधी एक जण टिकटिकीच्या तालावर पूर्ण गाणं गाऊन ठेवतो. त्याला ही पोरं गाईड म्हणतात. बाकीचे आपापल्या घरी कानात गाईड लावतात, सुरुवातीला एक टाळी मारतात आणि मोबाईलसमोर गातात. मग कोणीतरी बसून सगळ्यांच्या टाळ्या एका रेषेत आणतो. टाळी जुळली की गाणं जुळलं. हे जुळवायचं काम प्रेमानंदनं मागून घेतलं होतं.

शेवटचं गाणं 'फाटक' या त्यांच्या संगीतिकेतलं होतं आणि त्याचं गाईड मंजुश्रीचं होतं. आजारी पडायच्या दोन महिने आधी तिनं ते गाऊन ठेवलं होतं. पोरगी शिकायला गाव सोडते, गाडी सुटायला आली आहे, आणि गर्दीत तिला बाप दिसत नाही. ती हाक मारते, "बाबा, फलाटावर कोन हाये?" मग आठ मात्रा सगळी वाद्यं गप्प होतात. त्या आठ मात्रांत बाप म्हणतो, "मी हाओ माय, मी हाओ." स्टेजवर बापाची ही एवढी एक ओळ प्रेमानंदच गायचा. गाईड करताना मंजुश्रीनं ती जागा मोकळी सोडली होती. "तुमची ओळ तुम्ही टाकजा, बाबा," म्हणाली होती. तो उद्या टाकतो म्हणाला, आणि ते राहूनच गेलं.

बुधवारी त्यानं सगळ्यांच्या टाळ्या जुळवल्या आणि गाणं लावलं. हाकेपर्यंत सगळं चोख होतं. हाकेनंतर मात्र बाकीचे आठ जण एकत्र पुढच्या ओळीवर आले आणि मंजुश्री मागं राहिली. त्यानं बोटांवर मोजलं. आठ मात्रांच्या जागी दहा होत होत्या.

२

तो काही लगेच घाबरला नाही. घाबरायचं काय त्यात? कॉम्प्युटर आहे, चुकतो. एका मशीनवरचं रेकॉर्डिंग दुसऱ्या गतीनं उघडलं की आवाज थोडाथोडा सरकतो, हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं. पण तसा सरकला असता तर पहिल्या ओळीपासून सरकला असता. इथं हाकेच्या आधी केसभर फरक नव्हता. जो काय फरक होता तो त्या मोकळ्या जागेतच. मागची टिकटिकसुद्धा इमानदारीनं दहा वेळा वाजत होती.

त्यानं समताला फोन लावला. समता म्हणजे मंजुश्रीची शाळेपासूनची मैत्रीण. ती आता पुण्याला नोकरीत होती आणि ही मैफल तीच चालवत होती.

"जय भीम काका. झालं का जुळवून?"

"जय भीम. समता, मंजूचं गाईड तुह्याकडं हाये ना? हाकेनंतर किती मात्रा हायेत, मोज बरं."

थोडा वेळ तिकडून नुसती टिकटिक ऐकू आली. "आठ आहेत, काका. आम्ही सगळे तेच कानात लावून गायलो ना. काऊन?"

"काही नाही. माह्याकडची फाईल बिघडली वाटते. तुही पाठवून दे."

तिनं पाठवली. त्यानं ऐकली. बरोबर आठ मात्रा. त्याला हायसं वाटलं आणि स्वतःचं थोडं हसूही आलं. खाली जाऊन त्यानं चहा घेतला, परत वर आला आणि तीच फाईल उघडली तर मात्रा बारा झाल्या होत्या.

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकलेली बरी, कारण ती वर्षभर प्रेमानंदच्या छातीवर बसलेली होती. मंजुश्रीला कोविड सेंटरला नेलं तेव्हा चांगुणाही आजारी होती, घरातच मागच्या खोलीत वेगळी राहत होती. सेंटरच्या बाहेर कडुनिंबाखाली प्रेमानंद एकटाच बसून असायचा. आत कोणाला सोडत नव्हते, हे खरं. पण शेवटच्या दुपारी एक नर्स बाहेर आली. तिच्या हातात घडी घातलेलं पांढरं किट होतं.

"मंजुश्रीचे वडील तुम्हीच ना? हे घाला आणि चला. पाच मिनिटं सोडते. ती तुम्हाला बोलावतेय."

त्यानं किट हातात घेतलं. नर्स आत गेली. तेवढ्यात बाजूच्या दारातून दोन माणसं एक गुंडाळलेलं प्रेत घेऊन निघाली आणि त्याच्या अगदी जवळून गेली. तो किट मांडीवर घेऊन बसला. मग त्यानं ते ओट्यावर ठेवलं आणि गेटाबाहेर बंद पडलेल्या चहाच्या टपरीपर्यंत चालत गेला. तिथं किती वेळ उभा होता ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही. परत आला तेव्हा सगळं संपलं होतं.

घरी येऊन त्यानं चांगुणेला सांगितलं, की जाऊच दिलं नाही. चांगुणेनं ते खरं मानलं. न मानायला कारण नव्हतं.

३

गुरुवारी मात्रा वीस झाल्या. त्याहून वाईट म्हणजे खोली बदलली होती.

गोधड्यांच्या खोलीत गायलेलं गाणं कोरडं असतं. शब्द तोंडातून निघतो आणि तिथंच थांबतो. हाकेपर्यंत मंजुश्रीचा आवाज तसाच कोरडा होता. पण हाकेतला शेवटचा शब्द, 'हाये', लांबच्या कुठल्यातरी भिंतीला लागून परत यायला लागला. प्रेमानंदनं डोळे मिटून ऐकलं. खाली फरशी असावी, वर उंच छत असावं, आणि खोलीत सामान थोडं असावं. त्यानं हेडफोन काढले आणि आपल्या खोलीत एक टाळी मारली. टाळी हातातच मेली. हेडफोन पुन्हा चढवले तर तिकडं ती मोठी खोली तशीच होती.

त्या मोकळ्या जागेत टिकटिकीच्या मागं पाण्याचा आवाज होता. बारीक, सारखी चाललेली गुडगुड. आधी त्याला वाटलं, खालच्या कूलरचं पाणी असेल. तो खाली गेला, कूलर बंद केला, परत वर आला. गुडगुड चालूच होती. मग त्यानं घराचं मेन बटणच बंद केलं आणि मोबाईलवर ऐकलं. तरी होतीच.

हा आवाज त्यानं आधी ऐकला होता. सेंटरच्या खिडकीखाली बसल्यावर आतून यायचा तो. ऑक्सिजनच्या नळीला पाण्याची बाटली लावलेली असते, तिच्यात पाणी असं गुडगुडतं. एकेका खाटेपाशी एकेक बाटली. पण गाणं तर फेब्रुवारीतलं होतं. फेब्रुवारीत मंजुश्रीला साधं पडसं नव्हतं. गाणं संपवून तिनं इथंच बसून वाटीभर शेंगदाणे खाल्ले होते. त्यानं स्वतःला बजावलं, की प्रेमानंदा, मन असं करतं. ज्या आवाजाची धास्ती घ्यावी तोच कानात वाजतो. हे त्याला पटलंही. तरी त्यानं दिवसभर परत फाईल उघडली नाही.

चांगुणा अंगणवाडीतल्या कामावरून आली आणि दोघं जेवायला बसली. तिनं त्याच्या ताटात भाकर वाढली, स्वतःच्या ताटात अर्धीच घेतली.

"गाणं जमून राह्यलं का?"

"जमते."

"मी वर्षभर तिचा आवाज कानावर पडू देला नाही. तुमाले माहीतच हाये." ती भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवून बसली. "पन रविवारी ऐकीन. तिच्या संग तुमचा आवाज राहीन, तं मले धीर येईन."

तो मान खाली घालून जेवत होता.

"मी मनाले एकच समजावत असतो," चांगुणा म्हणाली. तिच्या माहेरी बायाही असंच बोलतात, आणि दुःखात माणूस माहेरच्या बोलीत जातं. "तुमाले जाऊ देलं असतं तं तुम्ही गेलेच असते. तिलेबी हे माहीत असन. तेवढंच बरं वाटते."

प्रेमानंदला ठसका लागला. तिनं पाण्याचा गिलास पुढं सरकवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात त्याला सहन होईना.

४

शुक्रवारी त्यानं ठरवलं, की आता ओळ गाऊन मोकळं व्हायचं. मात्रा आठ असोत की ऐंशी, ओळ तर एकच आहे. पाच शब्दांची ओळ, पन्नास वेळा गायलेली. माईक समोर घेतला, घसा साफ केला, गाणं लावलं.

हाक आली. "बाबा, फलाटावर कोन हाये?"

त्यानं तोंड उघडलं आणि आवाज फुटायच्या आत त्याला हेडफोनमध्ये फरशीवरून येणाऱ्या चपला ऐकू आल्या. प्लास्टिक सळसळलं. मग मास्कच्या आतून बोलणाऱ्या एका बाईचा आवाज आला. अगदी मायेनं बोलत होती.

"आले गं तुझे बाबा. बाहेर किट घालतायत."

आणि मग मंजुश्रीनं श्वास घेतला. पाच वर्षांची असल्यापासून त्यानंच तिला शिकवलं होतं, ओळ उचलायच्या आधी पोट भरून श्वास घ्यायचा. तसाच श्वास तिनं घेतला, पण पोटापर्यंत पोचला नाही तो. मध्येच कुठंतरी अडकला. जेवढा मिळाला तेवढा तिनं धरून ठेवला. टिकटिक चालू होती, पाणी गुडगुडत होतं, आणि ती श्वास धरून थांबली होती.

प्रेमानंदनं हेडफोन ओढून काढले. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला, लाईनीवरून मालगाडी गेली, सगळं जिथल्या तिथं होतं. त्याच्या मनात आलं, की हे खरं की भास, याची खात्री करायला दुसऱ्या माणसाला ऐकवायला हवं. आणि घरात दुसरं माणूस एकच होतं.

मग त्यानं जे केलं ते हजारदा केलेलं काम होतं. लोकांच्या भाषणातला खोकला कापायचा, लग्नाच्या गाण्यातली शिवी कापायची, तसं. हाक संपते तिथं त्यानं एक रेघ मारली, पुढची ओळ सुरू होते तिथं दुसरी रेघ मारली, आणि मधलं सगळं काढून टाकलं. ती खोली, ते पाणी, ती बाई, पोरीचा तो श्वास, सगळं. त्या जागी बरोबर आठ मात्रा ठेवल्या. त्याच्याकडं तीन वर्षांपूर्वीच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग होतं. त्यातली स्वतःची ओळ उचलून त्यानं त्या आठ मात्रांत बसवली.

गाणं लावलं. "बाबा, फलाटावर कोन हाये?" आणि लगेच, भरल्या गळ्यानं, "मी हाओ माय, मी हाओ."

त्यानं ते दहा वेळा ऐकलं. दहाही वेळा बाप हाकेला हजर होता. दहाव्या वेळी तो लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसले, समताला फाईल पाठवली आणि आपल्याकडचं गाईड पुसून टाकलं.

समताचं उत्तर आलं, "काका, किती सुंदर बसलंय. मला शेवटपर्यंत ऐकवेना."

५

रविवारी सकाळी वंदना झाली. नातेवाईक, गल्लीतली माणसं, अंगणवाडीतल्या बाया, सगळे येऊन गेले. खीर वाटली. तीनपर्यंत घर रिकामं झालं. चांगुणेनं फरशी पुसली, सतरंजी अंथरली आणि पाचच्या आधीच टीव्हीसमोर येऊन बसली. प्रेमानंद दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. बाहेर ऊन अजून कडक होतं. पडदा ओढून घेतल्यामुळं खोलीत नुसता टीव्हीचा उजेड होता.

समतानं पुण्याहून सुरुवात केली. एकेक गाणं झालं. चांगुणा मध्येच एखाद्या पोराला ओळखायची. "हा आपल्या घरी पुरनपोळी खायाले यायचा." तिचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा जरा मोकळा दिसत होता, आणि ते पाहून प्रेमानंदला वाटलं, की केलं ते बरंच केलं. एका खोट्यानं या बाईला वर्षभर झोप लागली. आणखी आठ मात्रांचं खोटं काय जड आहे?

शेवटचं गाणं आलं. पडद्यावर नऊ चौकटी. आठांत आठ पोरं, आपापल्या घरी गाणारी. नवव्या चौकटीत मंजुश्रीचा फोटो, स्टेजवरचा, कापलेल्या केसांचा. गिटार वाजली. मंजुश्री गायला लागली. चांगुणेनं पदर तोंडावर धरला आणि मग हळूहळू खाली घेतला.

"किती मोकळा आवाज होता हो तिचा," ती म्हणाली.

हाक आली. "बाबा, फलाटावर कोन हाये?"

पुढं काहीच आलं नाही.

प्रेमानंदला वाटलं, नेट अडकलं. पण नेट अडकलं की चित्र गोठतं. हे चित्र हलत होतं. नागपूरच्या पोराच्या मागचा पंखा फिरत होता. दुबईवाल्याच्या खिडकीचा पडदा हलत होता. आठ जण, आठ घरांत, आठ वेगवेगळ्या दिवशी मोबाईलसमोर उभे राहून गायलेले. त्यांचे चेहरे त्यानं स्वतः बुधवारी एकेक करून पाहिले होते. ते सगळे आता तोंड मिटून एकाच बाजूला बघत होते. ज्याची चौकट वर होती तो खाली बघत होता, ज्याची डावीकडं होती तो उजवीकडं. फोटोच्या चौकटीकडं.

टीव्हीतून गुडगुड ऐकू यायला लागली.

"तुमची ओळ हाये ना इथं?" चांगुणेनं विचारलं.



"थांब गं," टीव्हीतून ती मास्कमधली बाई म्हणाली. आता आवाज दोघांच्या बैठकीच्या खोलीत घुमत होता. "येतील. किट घालायला वेळ लागतो."

चांगुणा टीव्हीकडं बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली, कुठंतरी ऐकलेलं काही आठवायला बघावं तशी. पाणी गुडगुडत होतं. मग चपला लांब गेल्या, दार वाजलं, आणि तोच आवाज दुरून, दुसऱ्या कोणाला तरी हळू सांगताना ऐकू आला. "अगं, बाहेर कोणीच नाहीये. किट ओट्यावर तसंच पडलंय."

चांगुणेनं मान वळवली. टीव्हीचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर होता.

"कोनाचं किट?"

प्रेमानंद खुर्चीवरून उठला आणि परत बसला.

"तुमाले आत बलावलं होतं?"

एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या आवाजाला तो कधी भ्याला नव्हता. आताही ती ओरडली नव्हती. पण खोटं बोलायला लागतं तेवढंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"हाव," तो म्हणाला.

तेवढ्यात टीव्हीत मंजुश्रीनं श्वास घेतला. अर्धा, अडकलेला. आणि धरून ठेवला. चांगुणेला कोणी सांगायला लागलं नाही. ती सतरंजीवरून उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि टीव्हीपाशी गेली. तिनं नवव्या चौकटीवर तळहात ठेवला. तिला गाता येत नव्हतं, आयुष्यात कधी गायली नव्हती. अंगणात खेळणाऱ्या पोरीला घरात बोलवावं तशी ती बोलली.

"मी हाओ माय. मी हाओ."

तिच्या बोटांच्या फटींतून प्रेमानंदला दिसलं, की तिथं फोटो नाही. हिरव्या चादरीची कड होती. उशी होती. वाफेनं पांढरा झालेला मास्क होता, आणि मास्कच्या वर दोन डोळे होते. ते दाराकडं लागलेले होते. आवाज ऐकल्यावर ते दारावरून हलले आणि चांगुणेकडं वळले. वळताना वाटेत प्रेमानंद होता. त्याच्यावर ते थांबले नाहीत.

धरलेला श्वास सुटला. ड्रम वाजले, गिटार आली, आठही पोरं पुढची ओळ गात होती आणि मंजुश्री सगळ्यांच्या वर, खणखणीत गात होती. गाणं संपलं. चांगुणेच्या हाताखाली कापलेल्या केसांचा फोटो होता.

६

समताचा फोन लगेच आला. ती रडत होती. "काका, काकूंचा आवाज घ्यायचं कधी ठरवलं? मला सांगितलंसुद्धा नाही. काय बसलीय ती ओळ. सगळे रडून राह्यले इकडे."

"हाकेनंतर किती वेळ थांबलं गाणं?" त्यानं विचारलं.

"थांबलं कुठं? आठच मात्रा, काका."

त्यानं फोन ठेवला. चांगुणा स्वयंपाकघरात सकाळची भांडी घासत होती. तो दारात जाऊन उभा राहिला. तिनं मागं पाहिलं नाही.

"तुम्ही भेले, त्याचं मी काही म्हनत नाही," ती म्हणाली. "त्या दिवसायत सारेच भेत होते. मीबी भेली असती. पन मंजू वाट पाहून राह्यली होती, अन् हे तुम्ही मले सांगतलं नाही. मी इथूनच तिले आवाज देल्ला असता. रोज देल्ला असता. वर्षभर पोरगी दाराकडं पाहत राह्यली, अन् मी कानात बोटं घालून बसली होती."

एवढं बोलून ती भांडी विसळायला लागली. रात्री तिनं त्याला जेवायला वाढलं. सोमवारी अंगणवाडीत जाताना त्याचा चहा झाकून ठेवला. तिनं कशातही कमी केलं नाही, फक्त त्याच्याकडं बघून बोलली नाही.

दुपारी एकला तो गच्चीवर गेला आणि सवयीनं पंखा बंद केला. समताकडून मंजुश्रीचं मूळ गाईड त्यानं पुन्हा मागवून घेतलं होतं. ते उघडलं. गोधड्यांच्या खोलीतला कोरडा, निरोगी आवाज होता. कुठं घुमणं नाही, पाणी नाही. हाकेनंतर मोकळी जागा होती, आठ मात्रांची, एकही जास्त नाही. पण हाक वेगळी होती.

"आई, फलाटावर कोन हाये?"

त्यानं तीनदा ऐकली. मग त्यानं मोबाईल काढला. त्याच्यात मंजुश्रीचे पन्नासेक व्हिडिओ होते आणि तिनं पाठवलेले आवाजी निरोप होते, सगळे जपून ठेवलेले. पहिला उघडला तो तिच्या वाढदिवसाचा. ती केकचा तुकडा हातात घेऊन कॅमेऱ्याकडं येते आणि म्हणते, "बाबा, तोंड उघडा ना." आता ती तुकडा घेऊन आली, तोंड मिटून उभी राहिली, आणि मग म्हणाली, "तोंड उघडा ना." मधल्या गप्प वेळाच्या त्यानं नकळत मात्रा मोजल्या. आठ होत्या.

दुसरा उघडला, तिसरा उघडला. कॉलेजच्या बक्षिसाचा, धाड गावच्या बाजारातला, पाऊस आल्यावर गच्चीवरचे कपडे काढतानाचा. शेवटी सेंटरमधून आलेला तिचा निरोप उघडला, पाण्याची बाटली मागणारा. जिथं जिथं ती बाबा म्हणायची, तिथं तिथं तो शब्द निघून गेला होता आणि तेवढीच, आठ मात्रांची जागा मोकळी होती.

चार वाजेपर्यंत तो तिथं बसला होता. टिन तापलं होतं, घाम डोळ्यांत जात होता. तो एकेक व्हिडिओ लावायचा, आणि मोकळी जागा आली की म्हणायचा, "मी हाओ माय, मी हाओ." चांगल्या सुरात म्हणायचा, वेळेवर म्हणायचा. आठ मात्रा संपायच्या, आणि मंजुश्री दुसऱ्याच कोणाशी तरी बोलल्यासारखी पुढचं बोलायची.